कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: फॅन एवढे का पेटतात आणि 'कोणाची कॉन्फरन्स भारी' या वादात नव्याने उतरताना काय करायचं

अमेरिकेत मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलामुलींना सप्टेंबरच्या आसपास कळतं की आपण ज्या युनिव्हर्सिटीत आलोय तिची एक अमेरिकन फुटबॉलची टीम आहे आणि शनिवारी गावात दुसरं काहीही चालत नाही. मॅच दुपारी साडेतीनची असली तरी पार्किंग लॉटमध्ये सकाळी आठपासून तंबू, शेगड्या, बर्गर, आणि आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकाच रंगात. डिसेंबर आला की मग लॅबमधला एरवी शांत असणारा माणूससुद्धा प्लेऑफ, सीडिंग, एसईसी, बिग टेन असं काहीबाही बोलत तावातावाने भांडायला लागतो आणि आपण नुसतं मान हलवतो. हे लिहितोय ते अशांसाठीच, आणि पुण्या-नागपूरला बसून मुलांमुळे हा खेळ बघायला लागलेल्या आईबाबांसाठी पण. चेंडू कसा पुढे न्यायचा, चार डाउन म्हणजे काय, हे दोन मॅच बघून आपोआप कळतं. भांडण मात्र कोणी समजावून सांगत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

स्टेप १: आधी सीझनचा सांगाडा डोक्यात बसवा

वरच्या दर्जाच्या टीम्स सव्वाशेहून जास्त आहेत आणि प्रत्येकीला रेग्युलर सीझनमध्ये खेळायला मिळतात जेमतेम १२ मॅच, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर. एवढंच. क्रिकेटसारखी सिरीज नाही, रिटर्न मॅच नाही. एक हार म्हणजे पोटात गोळा आणि दोन हारल्यावर तर सगळं गणित दुसऱ्यांच्या हातात. टीम्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरावीक गटांत, वाटलेल्या असतात, बहुतेक मॅच आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतात, डिसेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची फायनल होते आणि दुसऱ्या दिवशी रविवारी एक निवड समिती १२ टीम्सची यादी जाहीर करते. २०२४ आणि २०२५ ला त्यातल्या पाच जागा वरच्या रँकच्या पाच कॉन्फरन्स चॅम्पियन्सना होत्या, उरलेल्या सात समितीला योग्य वाटतील त्यांना, त्यांना ॲट-लार्ज म्हणतात. पहिल्या चार सीडना (सीड म्हणजे यादीतला नंबर) पहिल्या राउंडमधून सुट्टी म्हणजे बाय, पाच ते आठ नंबरवाल्यांना पहिली मॅच स्वतःच्या घरच्या मैदानावर, मग क्वार्टरफायनल आणि सेमीफायनल रोज, शुगर, ऑरेंज, कॉटन, पीच, फिएस्टा या जुन्या बोल गेम्समध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमध्ये, आणि फायनल जानेवारीत सोमवारी रात्री.

हे १२ टीमवालं २०२४ च्या सीझनपासून सुरू झालं. त्याआधी २०१४ ते २०२३ फक्त चारच टीम्स असायच्या आणि त्याआधी बीसीएस नावाच्या पद्धतीत तर दोनच टीम्स थेट फायनलला जायच्या. हे लक्षात ठेवा कारण जुने फॅन अजून त्या काळातल्या जखमा घेऊन बोलतात.

बायची एक गंमत बघा. २०२४ ला बाय मिळालेल्या चारही टीम्स, म्हणजे ओरेगन, जॉर्जिया, बॉइसी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, आपल्या पहिल्याच मॅचला हरल्या. तेव्हा बाय फक्त कॉन्फरन्स चॅम्पियनला मिळायचा, त्यावर ओरड झाली आणि २०२५ ला नियम बदलून सरळ रँकप्रमाणे सीड द्यायला लागले. तरीही ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सस टेक हरल्याच, एकटी इंडियाना जिंकली. दोन वर्षांत आठातल्या सात! तीन-साडेतीन आठवडे मॅच नाही म्हणून टीम गार पडते असं फॅन म्हणतात आणि मला ते बऱ्यापैकी पटतं.

स्टेप २: कॉन्फरन्सचा नकाशा, आणि तो का विस्कटला

आज वजन आहे चार कॉन्फरन्सना. एसईसी म्हणजे दक्षिणेकडची: अलाबामा, जॉर्जिया, एलएसयू, टेनेसी, फ्लोरिडा वगैरे. बिग टेन मूळची मिडवेस्टची: ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट, आणि नावात टेन असलं तरी टीम्स आता १८. मग बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी. नोत्र दाम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, फुटबॉलमध्ये ती स्वतंत्र आहे आणि हा स्वतंत्र वादाचा विषय आहे.

पॅसिफिक किनाऱ्यावर पॅक-ट्वेल्व्ह नावाची शंभरेक वर्षं जुनी परंपरा होती. २०२१ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसीत जायचं ठरवलं, पुढच्या वर्षी जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे निघाल्या, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टन पण गेल्या, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा, कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये, आणि स्टॅनफर्ड-कॅल तर पॅसिफिकच्या काठावर असून अटलांटिकच्या नावाच्या एसीसीमध्ये! मागे उरल्या फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या सगळ्याच्या मुळाशी टीव्हीचा पैसा आहे, बाकी कारणं तोंडी लावायला. त्या दोन कॅम्पसवरच्या लोकांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या टीमने काही वाईट केलं नव्हतं, फक्त त्यांचं मार्केट लहान होतं, आणि त्यांच्याशी बोलताना हे विसरू नका, तो राग खरा आहे.

दुसरा बदल खेळाडूंचा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे कमवता येतात, ट्रान्सफर पोर्टलमधून युनिव्हर्सिटी बदलता येते, आणि २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर तर युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते. याचा परिणाम असा की पूर्वी अलाबामा, जॉर्जियासारख्यांच्या बेंचवर बसून वाट बघणारा चांगला पोरगा आता दुसरीकडे जाऊन स्टार्टर होतो. टॅलेंट पसरलं. कॉन्फरन्सची ताकद सरकली म्हणतात त्यातलं अर्धं कारण माझ्या मते हेच आहे.

स्टेप ३: वाद मुळात कशाचा आहे ते समजून घ्या

एसईसीने २००६ ते २०१२ सलग सात नॅशनल टायटल घेतली. फ्लोरिडा, एलएसयू, परत फ्लोरिडा, अलाबामा, ऑबर्न, अलाबामा, अलाबामा. पुढेही अलाबामा, एलएसयू, जॉर्जिया होत्याच. त्या काळात स्टेडियममध्ये लोक स्वतःच्या टीमचं नाव सोडून 'एस-ई-सी, एस-ई-सी' ओरडायचे. ज्या ऑबर्नवाल्याला अलाबामा डोळ्यासमोर नको असते तोही बाहेरची टीम समोर आली की कॉन्फरन्सचा झेंडा उचलतो. का? कारण कॉन्फरन्स भारी ठरली तर आपली हार पण 'चांगल्या टीमकडून झालेली हार' ठरते आणि समितीसमोर तिचं वजन कमी होतं. नवीन माणसाने हे एक वाक्य पक्कं धरलं तर डिसेंबरमधलं निम्मं भांडण उलगडतं.

आणि मग २०२३ ला मिशिगन, २०२४ ला ओहायो स्टेट, २०२५ ला इंडियाना. सलग तीन टायटल बिग टेनची.

मोजायचं कसं हा खरा प्रश्न आहे. टीम्स एकमेकांच्या कॉन्फरन्सशी खेळतात फारच कमी, एखादी सप्टेंबरमध्ये आणि मग एकदम डिसेंबर-जानेवारीत. मधले तीन महिने सगळे आपल्याआपल्यात. त्यामुळे एसईसीवाला म्हणतो आमच्याकडे दर शनिवारी मारामारी असते, कोणीही कोणालाही हरवतं, आमच्या तीन हारी तुमच्या एका हारीएवढ्या. बिग टेनवाला म्हणतो तुम्ही कॉन्फरन्सच्या आठच मॅच खेळता, आम्ही नऊ, आणि नोव्हेंबरमध्ये तुम्ही मध्येच एखाद्या छोट्या टीमला बोलावून कपकेक खाता. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. एसईसीने २०२६ पासून नऊ मॅचचं ठरवलंय, म्हणजे तो एक मुद्दा तरी बाद होईल.

स्टेप ४: एक सीझन घ्या आणि प्रतिक्रिया मॅचशी जोडून बघा

२०२५ चा सीझन शिकायला सगळ्यात चांगला आहे म्हणून तोच घेऊ.

यादी जाहीर झाली तेव्हा एसईसीच्या पाच टीम्स आत: जॉर्जिया, ओल मिस, टेक्सस ए अँड एम, ओक्लाहोमा, अलाबामा. बिग टेनच्या तीन. एसीसीत विचित्र झालं, पाच हारी असलेली ड्यूक फायनलमध्ये व्हर्जिनियाला हरवून चॅम्पियन झाली पण रँक एवढी खाली की पाच चॅम्पियन्समध्ये तिचा नंबर लागला नाही, आणि तिच्या जागी टुलेन आणि जेम्स मॅडिसन या दोन छोट्या कॉन्फरन्सच्या टीम्स आत आल्या. एसीसीची फायनलसुद्धा न खेळलेली मायामी मात्र ॲट-लार्ज म्हणून आत, आणि १०-२ रेकॉर्डची (दहा जिंकल्या, दोन हरल्या) नोत्र दाम बाहेर. आधीच्या आठवड्यांत नोत्र दाम मायामीच्या वर होती, शेवटच्या यादीत उलटलं. मायामीवाल्यांचं म्हणणं साधं: सीझनच्या पहिल्याच मॅचला आम्ही तुम्हाला २७-२४ हरवलंय, विषय संपला. नोत्र दामवाल्यांचं म्हणणं: मग इतके आठवडे आम्हाला वर का ठेवलं? टीमने नंतर बोल गेम खेळायलाच नकार दिला. माझं मत विचाराल तर समोरासमोरची मॅच आधी बघितली पाहिजे, मायामी आत हे बरोबरच होतं, पण दर मंगळवारी रात्री रँकिंग जाहीर करून लोकांच्या आशा वाढवायच्या आणि शेवटच्या रविवारी उलटवायचं हे चूक आहे.

टेक्ससचं दुखणं वेगळं. ९-३, बाहेर. त्यांच्या तीन हारींपैकी एक ऑगस्टमध्ये कोलंबसला, ओहायो स्टेटच्या गावी, त्यांच्याकडून, १४-७. फॅन विचारायला लागले की ती मॅच ठेवलीच नसती, कपकेक खाल्ला असता, तर आम्ही १०-२ असतो ना? हा प्रश्न गंभीर आहे, कारण याचं उत्तर 'हो' असेल तर मोठ्या टीम्स एकमेकांशी खेळायचंच सोडतील आणि मग कोणाची कॉन्फरन्स भारी हे कळायचा उरलासुरला मार्ग बंद.

आता निकाल. अलाबामाने ओक्लाहोमाला ३४-२४, ओल मिसने टुलेनला ४१-१०, ओरेगनने जेम्स मॅडिसनला ५१-३४, आणि मायामीने टेक्सस ए अँड एमला त्यांच्या घरी, लाखभर लोकांसमोर, १०-३. पुढे इंडियानाने रोज बोलमध्ये अलाबामाला ३८-३ असं झोपवलं, मायामीने ओहायो स्टेटला २४-१४, ओरेगनने टेक्सस टेकला २३-०, ओल मिसने जॉर्जियाला ३९-३४. ओल मिसचं कौतुक अशासाठी की त्यांचा कोच लेन किफिन प्लेऑफच्या तोंडावर एलएसयूला निघून गेला होता आणि पोरांनी तरी दोन मॅच काढल्या. सेमीत मायामीकडून ३१-२७. दुसऱ्या सेमीत इंडियाना ५६, ओरेगन २२. फायनल १९ जानेवारी २०२६, मायामीच्याच स्टेडियममध्ये, इंडियाना २७, मायामी २१.

आता कागद घ्या आणि एकाच कॉन्फरन्सच्या आपापसातल्या मॅच खोडून टाका. एसईसीच्या बाहेरच्यांशी चार मॅच उरतात, त्यात एक जिंकली (टुलेन) आणि तीन हरल्या. बिग टेनच्या पाच, चार जिंकल्या, एक हरली. एसीसीची एकटी मायामी तीन जिंकून फायनलला हरली. पाच टीम्स आत असल्यामुळे एसईसीचं नाव दर राउंडला दिसत होतं, पण खोडाखोड केली की चित्र वेगळं येतं. नवीन माणसाला मी एकच सवय लावा म्हणेन, ती ही.

लगेच 'एसईसी संपली' असंही म्हणू नका. सगळ्या मिळून आठ मॅचवर एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, आणि त्यातली १०-३ सारखी मॅच एका चेंडूवर इकडची तिकडे झाली असती.

इंडियानाबद्दल थोडं जास्त, कारण फॅनच्या प्रतिक्रिया किती टिकतात ते इथे दिसतं

ब्लूमिंग्टनची इंडियाना युनिव्हर्सिटी बास्केटबॉलची. फुटबॉलमध्ये पिढ्यान्पिढ्या हरणारी. २०२३ ला ३-९. मग जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, सोबत तिथले बरेच खेळाडू आले, पोर्टलमधून आणखी आणले आणि पहिल्याच वर्षी टीम प्लेऑफमध्ये. तिथे डिसेंबर २०२४ ला नोत्र दामच्या घरी २७-१७ अशी हार झाली आणि देशभर एकच सूर: यांची लायकी नव्हती, सोप्या मॅच खेळून आले, दक्षिणेतली एखादी तीन हारींची टीम घ्यायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी एसईसीची टेनेसी कोलंबसमध्ये ओहायो स्टेटकडून ४२-१७ हरली, त्यावर मात्र 'लायकी' हा शब्द फारसा ऐकू आला नाही. मला तेव्हाही हा अन्याय वाटला आणि आजही वाटतो. पुढच्या वर्षी कॅलहून फर्नांडो मेंडोझा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणून आला, इंडियानाने बिग टेनच्या फायनलमध्ये ओहायो स्टेटला १३-१० हरवलं, मेंडोझाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, आणि शेवटी १६-० आणि टायटल. फायनलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, जिथे बहुतेक कोच फील्ड गोलचे तीन पॉइंट घेऊन गप्प बसतात, तिथे चेंडू मेंडोझाच्या हातात ठेवला आणि तो मधून घुसला, मार खात, अंग फिरवत, शेवटी आडवा झेपावून टचडाउन. मिळाला तर तो प्ले दोनतीनदा बघा. रणजी बघणाऱ्यांना सांगायचं तर २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा ट्रॉफी उचलली तेव्हा नागपूरकरांना जे वाटलं असेल ते.

स्टेप ५: मॅच संपल्यावर पहिल्या तासात कोणाचंही म्हणणं अंतिम धरू नका

३० नोव्हेंबर २०२४, ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली, मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की, पोलिसांचा पेपर स्प्रे. त्या रात्री अर्ध्या कोलंबसला कोच रायन डेची हकालपट्टी हवी होती. पुढच्या मॅचला टेनेसीच्या फॅननी एवढी तिकिटं घेतली की स्टेडियममध्ये नारिंगी रंगाचे पट्टेच्या पट्टे दिसत होते, घरच्या टीमसाठी ती लाजच. आणि मग ४२-१७, ४१-२१, २८-१४, ३४-२३. टेनेसी, ओरेगन, टेक्सस, नोत्र दाम. २० जानेवारीला तोच कोच ट्रॉफी घेऊन उभा. मिशिगनकडून झालेली हार तरीही पुसली गेली नाही हं, ओहायोत टायटल एका पारड्यात आणि मिशिगन दुसऱ्या पारड्यात, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

उलटं उदाहरण फ्लोरिडा स्टेटचं. २०२३ ला १३-०, एसीसी चॅम्पियन, तरी चारच्या यादीत नाही, कारण क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी आणि समितीला एका हारीची अलाबामा जास्त ताकदवान वाटली. नंतर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३. 'बघा, समितीचं बरोबरच होतं' असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा की त्या मॅचला फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. सगळ्या मॅच जिंकून बाहेर राहिलेल्या पोरांना तो स्कोर चिकटवणं मला बघवत नाही.

स्टेप ६: लोकांमध्ये कसं वागायचं

कपड्यांचा रंग आधी विचारा. कोलंबसमध्ये निळा-पिवळा (मिशिगनचे रंग) घालून जाऊ नका, मिशिगन वीकमध्ये, म्हणजे मिशिगनशी मॅच असते त्या आठवड्यात, तिथे कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल टेपने फुली मारून झाकतात, एवढं ते गंभीर आहे. रस्त्यात कोणी 'ओ-एच!' ओरडलं की तुम्ही 'आय-ओ!' म्हणायचं, ओळख असो नसो. पेन स्टेटला व्हाइट आउट असेल तर पांढरंच घाला. टेक्सस ए अँड एमला विद्यार्थी पूर्ण मॅच उभे राहतात, तेव्हा आरामाचे बूट. आयोवा सिटीला पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम, विरोधी टीमसकट, शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून वरच्या मजल्यावरच्या आजारी पोरांना हात हलवतं. तुम्ही कोणाचेही फॅन असा, वळा आणि हात हलवा.

मोठी टीम हरवली की लोक मैदानात धावतात. ऑक्टोबर २०२४ ला व्हँडरबिल्टने एक नंबरच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उखडून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून नेऊन कंबरलँड नदीत टाकला. बघायला भारी असलं तरी पहिल्यांदा जात असाल तर कठड्याजवळच्या गर्दीत अडकू नका, वरच्या रांगेत थांबा, चेंगराचेंगरीत पाय मोडतात.

हरलेल्या मित्राला त्याच रात्री आकडे दाखवू नका. सोमवारी विचारा, 'तुला काय वाटतं, कुठे गेली मॅच?' तो तासभर बोलेल आणि तुम्हाला बाकी कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

स्टेप ७: भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा, आणि वही

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथली दुपारी बाराची पूर्वेकडची मॅच म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ. नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलली की साडेदहा. रात्रीच्या मॅच आपल्याकडे रविवारी पहाटे. प्लेऑफमधली तिथली रात्री आठची मॅच आपली सकाळी साडेसहाला, आणि फायनल मंगळवारी सकाळी साधारण सहाला, चहा घेऊन बसता येतं.

वही ठेवाच. प्रत्येक वेगळ्या कॉन्फरन्समधल्या मॅचची एक ओळ: कोण, कोणाच्या घरी, कुठल्या महिन्यात, स्कोर, आणि क्वार्टरबॅक खेळला की जखमी होता. बास. डिसेंबरमध्ये समोरचा आवाज चढवून बोलेल तेव्हा तुमच्याकडे वीस-पंचवीस ओळी असतील. सुरुवात १२ सप्टेंबर २०२६ ला ऑस्टिनमध्ये ठरलेल्या टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेटपासून करा: एसईसी विरुद्ध बिग टेन, यावेळी टेक्ससच्या घरी.